खड्यांपासून ग्रह

मंगळवेढ्याच्या खळ्यावर ज्वारी उफणताना तुम्ही पाहिली असेल. सुपातून धान्य सोडले की भुसकट वाऱ्याबरोबर उडून जाते आणि जड दाणे पायाशी पडतात. हलक्या वस्तूला वारा नेतो. जड वस्तू वाऱ्याला जुमानत नाही. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. पृथ्वी कशी घडली, हे समजण्यास ती उपयोगी पडेल.

सुमारे 456 कोटी वर्षांपूर्वी सूर्य नुकताच जन्मला होता. त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची मोठी चकती फिरत होती. उर्दूत आपण ज्यांना सय्यारे म्हणतो, ते ग्रह याच चकतीत तयार झाले. तेथील धूळ धुराच्या कणांसारखी बारीक होती. ती वायूबरोबर वाहत असे. कण हळूच एकमेकांना भिडत आणि चिकटत. असे होता होता लहान लहान खडे तयार झाले.

पण पुढे मोठी अडचण होती. खडे एकमेकांवर आपटले की चिकटत नाहीत; ते उसळतात किंवा फुटतात. शिवाय चकतीतला वायू खड्यांपेक्षा किंचित हळू फिरतो. त्यामुळे खड्यांना सतत समोरून वारा लागतो, त्यांचा वेग घटतो आणि ते सूर्याकडे सरकू लागतात. सारेच खडे सूर्यात पडले असते, तर पृथ्वी नसती, मंगळवेढ्याची काळी जमीन नसती आणि आपणही नसतो!

मग खडे वाचले कसे? वाऱ्याविरुद्ध सायकल चालवून पाहा. एकट्याची दमछाक होते. चौघे एकामागे एक चालले, तर मागच्यांना वारा कमी लागतो. खड्यांचेही काहीसे असेच झाले असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. जवळ आलेल्या खड्यांनी भोवतालचा वायू आपल्याबरोबर ओढला. समोरचा वारा कमी झाला आणि त्यांचे सरकणे मंदावले. मागून येणारे खडे त्यांना मिळत गेले. शेवटी गुरुत्वाकर्षणाने ती गर्दी आकसली आणि कित्येक किलोमीटर रुंदीचे गोळे बनले. हे गोळे म्हणजे ग्रहांच्या विटाच. त्या एकमेकींवर आदळून, जुळून पृथ्वी घडली.

काही विटा मात्र तशाच उरल्या. 22 मे 2012 रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. ते अशाच एका उरलेल्या गोळ्याचे तुकडे होते. आणि 2014 मध्ये चिली देशातील आल्मा दुर्बिणीने एका तरुण ताऱ्याभोवतीच्या चकतीचे स्पष्ट चित्र घेतले. म्हणजे आपल्याकडे जे घडून गेले, ते दूर आकाशात आजही घडत आहे.

एकटा खडा वाऱ्यापुढे टिकला नाही. एकत्र आले त्यांची पृथ्वी झाली.

शब्दार्थ
उफणणे – वाऱ्याच्या मदतीने धान्य व भुसकट वेगळे करणे
जुमानणे – पर्वा करणे
दमछाक होणे – फार थकणे
आकसणे – आकाराने लहान होणे

स्वाध्याय
1. खडे सूर्याकडे का सरकत होते?
2. सायकलीचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
3. ‘दमछाक होणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.