हिंवाळी भाजीबागेची पूर्वतयारी

थंड देशांतील बागवान हिंवाळा जवळ आला म्हणजे आपली बाग झांकून ठेवावयास लागतो. कारण पुढें कित्येक आठवडे त्याची भूमि गोठून जावयाची असते. आमच्याकडे निसर्गाचा क्रम निराळा आहे. पाऊस ओसरला, आकाश निवळलें आणि पहांटे पांघरूण ओढावेंसें वाटूं लागलें, कीं भाजीपाल्याचा उत्तम हंगाम सुरू होतो. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी, वाटाणा ह्या साऱ्यांना थंडी मानवते. मात्र हा हंगाम फार दिवस टिकत नाहीं; फाल्गुनांत ऊन तापूं लागलें म्हणजे पालेभाज्या जून होऊन फुलावर येतात. म्हणून बागेची तयारी आश्विनांतच झाली पाहिजे.

आमचें शेंद्रा गांव छत्रपति संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ह्या शिवारांतील पुष्कळ शेतें आतां औद्योगिक वसाहतीखालीं गेलीं आहेत. ज्यांच्या आजोबांनीं एकरांची शेती केली, अशा कित्येक मुलांच्या वांट्यास आज अंगणाएवढीच जमीन उरली आहे. जमीन घटली तरी जमिनीचें ज्ञान घटूं नये, एवढ्याच हेतूनें हा पाठ आम्ही लिहीत आहों.

विद्यार्थी मित्रहो, प्रथम माती ओळखावी. आमची जमीन बहुतेक काळी. लाव्हारसापासून बनलेला काळा पाषाण हजारों वर्षें झिजून ती तयार झाली. तिच्यांतील चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाणी मिळतांच फुगतात व वाळतांच आक्रसतात. उन्हाळ्यांत शेताला भेगा पडतात त्या ह्याच कारणानें. अशी जमीन फार ओली असतां माती कुदळीस चिकटते, आणि फार वाळली असतां कुदळ उसळते. ह्या दोहोंच्या मधली जी स्थिति, तिला आमचे शेतकरी वाफसा म्हणतात. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून खालीं टाकावा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आला. चेपून तसाच राहिला तर अजून थांबावें. गोळाच वळला नाहीं तर हलकें पाणी देऊन एक-दोन दिवसांनीं काम धरावें.

एका वर्षीं दसऱ्याच्या आंत वाफे उरकावे ह्या घाईनें आम्हीं ओल्या जमिनींतच खोदकाम केलें. आठ दिवसांत तिचीं विटांसारखीं टणक ढेंकळें झालीं. मेथीचें बीं त्यांच्या फटींत खोल पडून नासलें, आणि तो वाफा त्या हंगामापुरता वायां गेला. चार दिवस थांबण्याचा कंटाळा आम्हांस चार महिने नडला.

दुसरी गोष्ट खताची. शेण ताजें असतां घालूं नये. त्यानें वाळवी व हुमणी येण्याचें भय असतें. चांगलें कुजलेलें खत दर चौरस मीटरास दोन-अडीच किलो ह्या प्रमाणांत मातींत मिसळावें. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्यांनीं पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख ह्यांपासून खत करण्याची पद्धति सिद्ध केली, व त्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. ढीग ओलसर ठेवून दोन-तीन वेळां उलटविला म्हणजे सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. अर्थात् आश्विनांत खत हवें असेल तर ढीग आषाढांतच रचावयास पाहिजे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि येथें अंकगणित उपयोगी पडतें. आमच्याकडे वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस होतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडून जातो. हिंवाळ्यांत भाजीस दिवसास साधारण ३ ते ४ मिलिमीटर पाणी लागतें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हां ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद वाफ्यास रोज ३६ ते ४८ लिटर, म्हणजे १५ लिटरांच्या सुमारें तीन बादल्या लागतील. तांदूळ-डाळ धुतलेलें व भाजी विसळलेलें पाणी धरून एवढें पाणी घरांत निघतें कीं नाहीं, हें आईस विचारून मगच वाफा आंखावा. निघत नसेल तर वाफा लहान करावा. पाणी आटल्यावर अर्धा वाढलेला कोबी सुकतांना पाहण्यापेक्षां नीट पोसलेली मेथीची एक जुडी बरी. रोपांच्या बुडाशीं वाळका पाला अंथरल्यास ओल अधिक टिकते.

आतां बियांविषयीं. कोबी, वांगीं व टोमॅटो ह्यांचीं रोपें आधीं गादीवाफ्यावर करावीं. तीं चार-पांच आठवड्यांत लावण्याजोगीं होतात. मेथी, पालक, मुळा व गाजर हीं जागच्या जागीं पेरावीं. धणे हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करावे व रात्रभर भिजवावे, म्हणजे उगवण लवकर होते. लसणाच्या पाकळ्या टोंक वर ठेवून लावाव्या. मेथी साधारण महिन्यांत हातीं येते. म्हणून सारें बीं एकदम न टाकतां दर आठ-दहा दिवसांनीं एकेक ओळ पेरावी. त्यानें घरांत ताजी भाजी सतत मिळते.

पालकांस आमची विनंति आहे कीं, अंगणांतील दहा फूट जागा तरी मुलांच्या स्वाधीन करावी, आणि घरांतील वडील मंडळींनीं वाफसा कसा ओळखावा हें त्यांच्या हातांत माती देऊन शिकवावें. पुस्तकांतून ही विद्या अर्धीच येते.

पेरणाऱ्याचा दाखला आम्ही प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकिला आहे. त्यांत बीं सर्वत्र एकच आहे. फळाचा भेद जमिनीमुळें पडला. बागेंत काम केलेल्या मुलास त्यांतून आणखी एक गोष्ट उमगते. पायानें तुडविलेली वाट खणून भुसभुशीत करतां येते, खडे वेंचून टाकतां येतात, काटेरी झुडपें मुळासकट उपटतां येतात. ह्या श्रमांस योग्य दिवसाची वाट पाहण्याचा धीर जोडला, म्हणजे अंगणांतील रुक्ष कोपराही चांगली जमीन होतो.