एचआयव्हीबाधित विद्यार्थी आणि विद्यापीठांचे दायित्व

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात विद्यापीठांविषयीचा लेख पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु औषधामुळे ज्याचे प्राण वाचले, त्याने पुढे शिकावे, नोकरी करावी, संसार थाटावा, हा उपचाराचाच उत्तरार्ध होय. आपल्या देशात एचआयव्हीवरील औषधे १ एप्रिल २००४ पासून शासकीय एआरटी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक होते. बालकांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाला. जन्मतः बाधित असलेली आणि या औषधांवर वाढलेली मुले आज महाविद्यालयीन वयात आली आहेत. त्यांच्या पुढील वाटेवर विद्यापीठ कोणत्या रूपाने उभे राहते, हा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे.

ज्ञानाचे ऋण

भारतातील एचआयव्हीचे पहिले निदानच मुळी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून झाले. १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांनी, डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांच्या मार्गदर्शनाखाली रक्तनमुने गोळा केले. तोवर हा आजार परदेशाचा आहे, अशीच समजूत होती. त्या नमुन्यांनी ती दूर केली.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने एका आंतरराष्ट्रीय संशोधनात भाग घेतला. स्तनपान घेणाऱ्या अर्भकास सहा आठवडे नेव्हिरॅपिन दिल्यास त्यास संसर्गापासून संरक्षण मिळते का, हा त्याचा विषय होता. भारत, इथिओपिया व युगांडा येथील निष्कर्ष २००८ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डॉ. मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या अभ्यासात नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती आणि पुणे हेही त्याचे एक केंद्र होते. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ मध्ये दिसून आले. पुढील अभ्यासांनी हे अधिक स्पष्ट केले. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हे एक वाक्य जरी घराघरांत पोहोचले, तरी पुष्कळशी भीती ओसरेल.

समुपदेशक घडविणे

चाचणीचा निकाल हाती आल्यावर रुग्णासमोर प्रथम बसतो तो समुपदेशक. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था हे अभिमत विद्यापीठ होय. या संस्थेने ‘सक्षम’ या प्रकल्पातून देशभरातील एचआयव्ही समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचे काम केले. निकाल कोणत्या शब्दांत सांगावा, कुटुंबास केव्हा सामील करून घ्यावे, मौन केव्हा पाळावे, या गोष्टी केवळ चांगुलपणाने येत नाहीत. त्या शिकाव्या लागतात.

विद्यार्थ्यांत जाणीव निर्माण करण्याचे काम राष्ट्रीय सेवा योजनेने १९९१ पासून ‘युनिव्हर्सिटी टॉक एड्स’ या उपक्रमातून हाती घेतले. पुढे महाविद्यालयांत रेड रिबन क्लब स्थापन झाले. कर्जत व खोपोली येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १ डिसेंबरच्या फेऱ्या व पथनाट्ये आपल्या परिसरास नवीन नाहीत. तथापि फेरीत घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्यांतच एखादा बाधित असू शकतो, याचे भान आयोजकांनी ठेवले पाहिजे. भय दाखवणारी घोषणा त्याच्या मनावर घाव करते आणि तो उपचारापासून दूर जातो.

कायद्याचे कवच

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. काम करण्यास समर्थ असलेल्या व्यक्तीस केवळ एचआयव्हीच्या कारणावरून रोजगार नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या कामगारास आपले नाव गुप्त ठेवून दाद मागता आली, हेही तितकेच महत्त्वाचे. पुढे वीस वर्षांनी संसदेने एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ संमत केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. विद्यार्थी व पालकांनी त्यातील पुढील गोष्टी अवश्य ध्यानात ठेवाव्यात.

१. एचआयव्हीच्या कारणावरून शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारणे, शिक्षण खंडित करणे, वेगळे बसवणे वा अन्यायाची वागणूक देणे हा भेदभाव असून तो निषिद्ध आहे. घर भाड्याने देण्याघेण्यातही असा भेदभाव करता येत नाही.

२. प्रवेशासाठी वा नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. चाचणीस संबंधित व्यक्तीची माहितीपूर्ण संमती लागते.

३. न्यायालयाचा आदेश वगळता कोणासही आपली स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. अशी माहिती जपणाऱ्या संस्थेने ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली पाहिजे.

४. शंभर वा अधिक व्यक्तींच्या आस्थापनेस, तर आरोग्यसेवा संस्थेत वीस वा अधिक व्यक्ती असल्यास, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे.

५. आईवडील नसलेल्या वा आजारी असलेल्या कुटुंबात, पुरेशी समज असलेले बारा ते अठरा वर्षांचे भावंड धाकट्या भावंडाच्या शाळाप्रवेशासारख्या कामांसाठी पालक म्हणून मान्य होऊ शकते.

आपल्या तालुक्यांचा विचार

कायदा दिल्लीत होतो; त्याची कसोटी मात्र वसतिगृहाच्या खोलीत लागते. समजा, कर्जत तालुक्यातील एखाद्या ठाकूर वा कातकरी वाडीतील मुलगी मुंबईस शिकावयास गेली. तिला रोज ठरल्या वेळी गोळी घ्यावयाची आहे. कपाटास कुलूप नसेल, तर ती गोळी लपवील. लपवता न आल्यास चुकवील. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो व औषधास दाद देईनासा होतो. तिला एआरटी केंद्रात जाण्यासाठी कामाच्या दिवशीच निघावे लागते. उपस्थिती भरली नाही म्हणून प्राध्यापकांनी वर्गासमोर कारण विचारले, तर तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात : खोटे सांगणे किंवा सर्वांसमोर उघडे पडणे.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्यास कुलपाचे कपाट द्यावे. वैद्यकीय रजेच्या दाखल्यावर आजाराचे नाव नसावे. विश्वासाने बोलता येईल असा एक शिक्षक नेमावा व त्याचे नाव फलकावर असावे. या सोयी सर्वांनाच मिळाल्या म्हणजे त्या कोणा एकाकडे बोट दाखवत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात अलिबाग येथे २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील भावी डॉक्टरांना सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आतच सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते, हे शिकवले जाईलच. त्यासोबत रुग्णाच्या खाटेवर वा कागदावर ओळखीची खूण न करण्याची शिस्तही त्यांच्या अंगी बाणावी.

आवाहन

विश्वस्त व देणगीदारांना आमची विनंती अशी, की शिष्यवृत्ती देताना लाभार्थ्याची कहाणी वा छायाचित्र मागू नये. नाव न कळता केलेले साह्य हेच येथे खरे साह्य. कुटुंबीयांनी रुग्णास संजय गांधी निराधार अनुदान योजनेची माहिती करून द्यावी आणि शंका असल्यास १०९७ या विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा उपयोग करावा. एकत्र जेवल्याने, एका खोलीत राहिल्याने वा एका बाकावर बसल्याने एचआयव्ही पसरत नाही. बाधित मुलाचे शिक्षण मात्र एका अविचारी शब्दानेही थांबू शकते. ते थांबू न देणे आपणा सर्वांच्या हाती आहे.