शेवटचा शब्द कोणाचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली आपल्या सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. त्या इतिहासावरील लेख या स्मरणिकेसाठी संगणकावर सिद्ध करताना त्यातील सारी अक्षरे गळाली. पानावर केवळ विरामचिन्हे उरली. असे का घडले, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

आम्ही पॅनडॉक ही मुक्त संगणकप्रणाली वापरतो. अमेरिकेतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ती २००६ मध्ये निर्माण केली. तिच्यात फॉन्टची नोंद तीन ठिकाणी करता येते : सर्व लेखांच्या सामायिक फाइलीत, लेखाच्या शिरोभागी आणि प्रत्यक्ष आज्ञेत. सामायिक नोंदीहून लेखातील नोंद वरचढ. त्या दोहोंहून आज्ञेतील वरचढ.

सामायिक फाइलीत आम्ही देवनागरी फॉन्ट नेमला होता. मात्र त्या लेखाच्या शिरोभागी जुन्या इंग्रजी मसुद्यातील, केवळ रोमन अक्षरांचा फॉन्ट राहून गेला होता. प्रणालीने तोच मानला. अक्षरे सापडत नसल्याचा इशारा पडद्यावर उमटला होता. पीडीएफ तयार झाली या समाधानात आम्ही तो वाचला नाही.

सर्वत्र एकच फॉन्ट हवा असल्यास तो आज्ञेत द्यावा. मूळ लेखास हात लावावा लागत नाही. एखाद्याच लेखास वेगळा हवा असल्यास तो त्याच्या शिरोभागी लिहावा. आणि इशारा वाचल्याखेरीज, पान डोळ्यांखालून घातल्याखेरीज छपाईस देऊ नये. ज्यांची नावे इतिहासाने एकदा गाळली, ती आमच्या दुर्लक्षाने पुन्हा गळता कामा नयेत.