हायस्कूलमधील इंग्रजी : पाठांतराकडून लेखनाकडे



इंग्रजीत पास झालेला आपला विद्यार्थी कॉलेजात गेल्यावर शिष्यवृत्तीसंबंधी चार ओळींचा अर्ज इंग्रजीत लिहिताना अडतो, हा अनुभव पाटण तालुक्यातील अनेक घरांत आहे. त्याची बुद्धी कमी असते असे मुळीच नाही. दहावीपर्यंत त्याने गाइडमधील निबंध पाठ केले, फळ्यावरची उत्तरे उतरवून घेतली. परंतु स्वतःच्या मनातील एक वाक्य इंग्रजीत मांडण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार आम्ही करणार आहोत.

महाराष्ट्रात पूर्वी मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासून शिकविले जाई. सन २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, पण शिकविण्याची रीत तीच राहिली तर वाढलेल्या वर्षांचा लाभ होत नाही.

आपल्या जिल्ह्याला या विषयाचा मोठा वारसा आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे पुढील काळातील प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश घेतला. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. वडील सुभेदार रामजी यांनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके व तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. त्या काळी पाठांतर होतेच. पण भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक शब्द तोलावा लागतो, दोन भाषा शेजारी ठेवून विचार करावा लागतो. आजच्या गाइडमध्ये नेमका हा विचारच गळून पडला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणतज्ज्ञांनी दोन उपयुक्त गोष्टी पुढे आणल्या. पहिली अशी की, भाषा नियम घोकून जेवढी येते, त्याहून अधिक ती काम करताना येते. प्रा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये असा प्रयोग केला. नकाशे, वेळापत्रके यांवरील प्रश्न मुलांना इंग्रजीतून सोडवायला दिले. आपल्याकडे पाटण–कराड व पाटण–कोयनानगर एस.टी.चे वेळापत्रक फळ्यावर लिहून, 'दहाच्या कामासाठी कराडला जायचे तर कोणती गाडी धरावी?' हा प्रश्न इंग्रजीत विचारता येईल. त्याला खर्च काहीच नाही.

दुसरी गोष्ट अशी की, लेखन एका बैठकीत पूर्ण होत नाही. ते पायरीपायरीने घडते. त्या पायऱ्या अशा :

१. विषय मुलाच्या परिचयाचा द्यावा. भातलावणी, कोयनेचे धरण, वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या, घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण.
२. प्रथम त्यावर मराठीत बोलू द्यावे व लागणारे दहा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहावेत.
३. मुलाने कच्चा मसुदा लिहावा. या वेळी लाल शाई वापरू नये.
४. शेजारच्या मुलाने तो वाचून दोन प्रश्न विचारावेत.
५. मुलाने लेख पुन्हा लिहावा. मग शिक्षकांनी एकाच प्रकारच्या चुका, उदाहरणार्थ क्रियापदाच्या, सुधाराव्यात.

समजा एका मुलीने लिहिले, 'माय मदर गो फील्ड मॉर्निंग.' ओळीत चुका आहेत, पण विचार तिचा स्वतःचा आहे. मैत्रीण विचारते, 'रोज जाते का? हातात काय असते?' दुसऱ्या खेपेस ती लिहिते, 'एव्हरी मॉर्निंग माय मदर गोज टू द फील्ड विथ अ सिकल.' हे वाक्य गाइडमध्ये सापडणार नाही, आणि ती मुलगी ते विसरणारही नाही.

वर्गात साठ मुले असतील तर हे कसे जमावे, अशी शंका कोणी घेईल. आठवड्याला पंधरा वह्या तपासल्या तर चार आठवड्यांत प्रत्येक वही एकदा पाहून होते. बाकीचे काम मुले एकमेकांत करतात. गुणांचीही भीती नको. परीक्षेत पत्र, संवाद, तक्त्यावरून परिच्छेद असे लेखन ऐनवेळी करावे लागते. पाठ केलेला मजकूर तेथे क्वचितच जुळतो. लिहिण्याची सवय मात्र उपयोगी पडते.

शाळेवर सर्व भार टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. समाजमंदिरात आठवड्यातून एक संध्याकाळ लेखनासाठी ठेवावी. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी धाकट्यांचे मसुदे वाचावेत. ज्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांनी मुलाला 'आज काय लिहिलेस, ते मराठीत सांग' एवढे विचारले तरी मोठे काम होईल.

अर्ज, तक्रार, मुलाखत, उच्च शिक्षण या सर्व ठिकाणी आपले म्हणणे आपणच मांडावे लागते. दुसऱ्याने लिहून दिलेला कागद एकदा चालतो. आयुष्यभर चालत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, चुकतमाकत का होईना, आजपासून रोज स्वतःची पाच वाक्ये इंग्रजीत लिहा, ही आमची कळकळीची विनंती आहे.