ब्रिटनमधील टीव्ही परवाना : कोणाला लागतो, कोणाला नाही?

आपल्या शाळेतून शिकून गेलेली काही मुले-मुली उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला जातात. व्हिसा, फी, गरम कपडे यांची तयारी घरोघर होते. टीव्ही परवान्याचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. गरज असूनही परवाना न काढणे हा तेथे गुन्हा आहे व त्यासाठी १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट, गरज नसताना केवळ भीतीपोटी पैसे भरणेही योग्य नाही. म्हणून हा नियम आपण नीट समजून घेऊ.

परवान्याची पद्धत आपल्याला नवी नाही. आपल्याकडेही रेडिओ व टीव्हीसाठी दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. १९८०च्या दशकात ती पद्धत बंद झाली. विद्यार्थी मित्रांनो, घरातील आजी-आजोबांना याविषयी जरूर विचारा. ब्रिटनमध्ये टीव्हीचा परवाना १९४६ पासून आहे. त्यातून मुख्यतः बीबीसीचा खर्च भागतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे वार्षिक शुल्क १७४.५० पौंड झाले. हा दर बदलत असतो, म्हणून जाताना नवा दर पाहून घ्यावा.

काय पाहता?

घरात टीव्ही आहे की नाही, यावर परवाना ठरत नाही. स्वतःला दोन प्रश्न विचारावेत :

१) कोणत्याही वाहिनीवरील कार्यक्रम प्रक्षेपण चालू असतानाच आपण पाहतो किंवा रेकॉर्ड करतो का?
२) बीबीसीची 'आयप्लेयर' सेवा वापरतो का?

एकाचेही उत्तर 'हो' असेल तर परवाना हवा. मग पडदा टीव्हीचा असो, लॅपटॉपचा असो की मोबाइलचा. वाहिनी परदेशी असली तरी नियम तोच. भारताचा क्रिकेट सामना वाहिनीवर चालू असताना मोबाइलवर पाहिला, तरी परवाना लागतो. तीच मराठी मालिका दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर सवडीने पाहिली, तर लागत नाही. नुसता रेडिओ ऐकण्यासाठीही लागत नाही.

कोठे राहता?

परवाना पत्त्याच्या नावे असतो. एका कुटुंबाला एकच परवाना पुरतो, घरात टीव्ही कितीही असोत. विद्यार्थ्यांचे मात्र भाडेकरारावर ठरते. वसतिगृहात स्वतंत्र खोली असेल, तर त्या खोलीचा परवाना वेगळा. चार मित्रांनी मिळून एकाच करारावर घर घेतले असेल, तर सहसा एक परवाना पुरतो. प्रत्येकाचा करार वेगळा असेल, तर प्रत्येकाला आपापल्या खोलीसाठी स्वतंत्र परवाना लागू शकतो. म्हणून सही करण्यापूर्वी करार वाचावा.

परवाना लागत नसेल, तर तसे परवाना कार्यालयाला कळवावे. पत्र आले म्हणून घाबरू नये. मुदतीआधी घर सोडल्यास उरलेल्या पूर्ण महिन्यांच्या शुल्काचा परतावा मागता येतो.

स्वाध्याय

१) मीरा वसतिगृहातील खोलीत फक्त जुने मराठी चित्रपट डीव्हीडीवर पाहते. तिला परवाना लागेल का?
२) एकाच करारावर राहणारे तिघे मित्र घरात थेट सामना पाहतात. परवाने किती?

(उत्तरे : १. नाही. २. सहसा एक.)