पेशींच्या आवरणातला खवटपणा

डब्याच्या तळाशी राहून गेलेल्या जवसाच्या पुडीला खवट वास येतो, तो तिच्यातल्या मेदाम्लांवर ऑक्सिजनची क्रिया झाल्यामुळे. हीच क्रिया शरीराच्या ऊतींमध्येही होते. जीवरसायनशास्त्रात तिला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात. प्रत्येक पेशीचे आवरण मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असते. त्यामुळे यकृत असो, मेंदू असो की रक्तातली तांबडी पेशी, या क्रियेपासून कोणीच पूर्णपणे सुटलेले नाही. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस या नावाने हल्ली बरेच काही सांगितले आणि विकले जाते. त्यातले शास्त्र किती आणि जाहिरात किती, हे या क्रियेची घडण पाहिल्यावर बरेचसे उलगडते.

सगळे मेद सारखे खवट होत नाहीत. खोबरेल तेलातली बहुतेक मेदाम्ले संतृप्त असतात. त्यांच्या कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध नसतात आणि ती ऑक्सिजनला सहसा दाद देत नाहीत. सूर्यफूल, करडई, जवस यांच्या तेलांत मात्र दोन किंवा तीन दुहेरी बंध असलेली मेदाम्ले भरपूर असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो. एखादा मुक्तमूलक, म्हणजे जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू किंवा रेणू, तो हायड्रोजन ओढून घेतो. हायड्रोजन गमावलेले मेदाम्ल आता स्वतःच मुक्तमूलक बनते, ऑक्सिजनशी जोडले जाते आणि शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन खेचते. शेजारचे त्याच्या शेजाऱ्याचा. सुरुवात एकाच मूलकाने होते, बिघडतात मात्र अनेक मेदरेणू. जवळपास मोकळे लोह असेल तर तयार झालेले पेरॉक्साइड फुटून नवे मूलक निघतात आणि साखळीला फाटे फुटतात.

या मोडतोडीतून मॅलॉनडायअल्डिहाइड आणि हायड्रॉक्सीनोनेनाल यांसारखी अल्डिहाइडे तयार होतात. मूलक क्षणार्धात संपतात. ही अल्डिहाइडे टिकतात, जिथे जन्मली तिथून दूर जातात आणि प्रथिनांना व डीएनएला चिकटतात. आवरण गळके होते, पेशीत कॅल्शियम घुसते आणि नुकसान फार झाले तर पेशी मरते. लोहाच्या साहाय्याने होणाऱ्या मेदनाशामुळे येणाऱ्या अशा पेशीमृत्यूला २०१२ मध्ये फेरॉप्टोसिस हे नाव मिळाले. तेव्हापासून कर्करोग आणि मेंदूचे विकार अशा दोन्ही क्षेत्रांत त्यावर जोरात काम चालू आहे.

मुक्तमूलक म्हणजे बाहेरून आलेले विष नव्हे. पेशीतल्या मायटोकाँड्रियात श्वसन चालू असताना थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच ऑक्सिजनवर जातात आणि सुपरऑक्साइड तयार होतो. पांढऱ्या पेशी तर जंतू मारण्यासाठी तो मुद्दाम बनवतात. ज्या मुलांना जन्मतः तो बनवता येत नाही, त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतो. रिबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये असे मांडले, की जादा ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींच्या मुळाशी मुक्तमूलकच आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइडचा निकाल लावणारे विकर सापडले. ऑक्सिजनवर जगणारे शरीर त्याच्यापासून बचावाची तयारीही बाळगून असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची व्याख्या केली तीही तोल म्हणूनच: एकीकडे ऑक्सिडीकरण करणारे, दुसरीकडे रोखणारे, आणि पारडे पहिल्याकडे झुकलेले.

रोखणाऱ्यांची फळी एकमेकांवर अवलंबून असते. मेदाच्या थरात राहणारे जीवनसत्त्व ई आपला हायड्रोजन देऊन साखळी तोडते. त्यात ते स्वतः निकामी होते. त्याला पुन्हा कामाला लावते बाहेरच्या पाण्यातले जीवनसत्त्व सी. पेरॉक्साइड नष्ट करण्याचे काम सेलेनियमयुक्त विकर ग्लुटाथायोन वापरून करते. वापरलेला ग्लुटाथायोन पूर्ववत व्हायला एनएडीपीएच लागते आणि ते पेशी ग्लुकोजपासून बनवते. मुळात शरीरात कमतरता नसताना यातली एकच कडी गोळीतून भरमसाट वाढवली, तर बाकीची फळी आपोआप बळकट होत नाही. बाजारात हे कुणी सांगत नाही.

ऊतीतला मेदनाश मोजण्याची सर्वांत रुळलेली पद्धत साधी आहे. ऊतीचा लगदा किंवा रक्तद्रव घ्यायचा, त्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालायचे आणि नळी उकळत्या पाण्यात ठेवायची. मॅलॉनडायअल्डिहाइड असेल तर द्रावण गुलाबी होते आणि ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीला तो रंग मोजता येतो. खर्च कमी, उपकरण प्रत्येक महाविद्यालयात असलेले. त्यामुळे असंख्य प्रबंध या गुलाबी रंगावर उभे आहेत. अडचण अशी, की काही शर्करा आणि बिलिरुबिनही या परीक्षेत लुडबूड करतात, रक्ताचा नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा बिघडतो, आणि खुद्द उकळण्यातच थोडा मेद खराब होतो. १९९० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात सापडलेली आयसोप्रोस्टेन ही रसायने त्यामानाने बरीच विश्वासार्ह आहेत, पण ती मोजायला महागडी उपकरणे लागतात. तपासणी केंद्राच्या पॅकेजमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची चाचणी असली, तरी त्या एका आकड्यावरून निरोगी माणसाचा उपचार ठरत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

प्रयोगशाळेतला नेहमीचा नमुना म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड दिलेला उंदीर. हे द्रव्य एकेकाळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला आणि आग विझवायला वापरत. यकृतातले एक विकर त्याचे मूलकात रूपांतर करते आणि यकृताच्या पेशी मरतात. मग कुठल्यातरी पानाचा किंवा मुळीचा अर्क आधी पाजून यकृत वाचते का, हे पाहिले जाते. भारतात असे शोधनिबंध ढिगाने निघतात. अभ्यास म्हणून त्यांना अर्थ आहे. पण उंदराच्या यकृतातला गुलाबी रंग फिका पडला म्हणजे माणसाचे यकृत ‘डिटॉक्स’ झाले, ही उडी जाहिरातवाले मारतात. फळांची आणि मसाल्यांची अँटिऑक्सिडंट ताकद सांगणाऱ्या आकड्यांचेही तेच. परीक्षानळीतल्या या आकड्यांची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये स्वतःच काढून टाकली.

माणसांवरचा पुरावा मोठ्या चाचण्यांतून आला, आणि तो अपेक्षेच्या उलट निघाला. रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएलच्या मेदाचे ऑक्सिडीकरण होते, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि चरबीचा थर साचायला सुरुवात होते, असा विचार १९८० च्या दशकात पुढे आला. मग जीवनसत्त्व ई दिले तर हृदयविकार टळेल, असे वाटणे स्वाभाविक होते. पण २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत रोज ४०० युनिट जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांना काहीच फायदा झाला नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. पुढे ‘सिलेक्ट’ चाचणीत जीवनसत्त्व ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात असेही दिसले, की व्यायामामुळे इन्शुलिनचे काम सुधारते तो लाभ सी आणि ई यांच्या मोठ्या मात्रांनी पुसला जातो. व्यायामात तयार होणारे थोडे मूलक शरीराला तयारीचा निरोप देतात, आणि गोळी तो निरोपच अडवते.

ठोस फायदा दिसतो तो नेमक्या आजारात, नेमक्या औषधाने. पॅरासिटामॉलची मात्रा फार झाली की त्यापासून बनणारे विषारी द्रव्य यकृतातला ग्लुटाथायोन संपवते. पहिल्या दिवशी रुग्णाला मळमळीपलीकडे फारसा त्रास नसतो, आणि तिथेच घात होतो. ग्लुटाथायोनचा कच्चा माल पुरवणारे एन-अॅसिटिलसिस्टीन हे औषध आठ तासांच्या आत सुरू झाले तर यकृत जवळपास नेहमी वाचते. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याची शंका असली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते या हिशेबात धरावे. थॅलॅसेमियात वारंवार रक्त दिल्याने साचणारे लोह बाहेर काढणारी औषधेही अशीच नेमकी. ती कंटाळून मध्येच सोडली, तर हृदय आणि यकृत यांना धोका संभवतो.

रोजच्या जगण्यात मूलकांचा पुरवठा कमी करणे हेच जास्त कामाचे. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात आयसोप्रोस्टेन जास्त असतात आणि दोन आठवडे सिगारेट बंद ठेवली तर ते लक्षणीय उतरतात, असे १९९५ मध्येच दिसले होते. कोणत्याही गोळीपेक्षा हा उपाय सरस. चुलीच्या धुराला आणि मधुमेहातल्या चढत्या साखरेलाही हेच लागू. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. खाद्यपदार्थ विक्रेत्यांसाठी भारतात १ जुलै २०१८ पासून तापवलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरली आहे. घरी मापयंत्र नसते, तेव्हा तेल काळपट, चिकट किंवा फेसाळ झाले की टाकून द्यावे. जवस थोडाच कुटावा, पूड हवाबंद डब्यात आणि गार जागी ठेवावी. भाज्या, फळे, डाळी, दाणे भरपूर असलेल्या आहारात जीवनसत्त्व सी आणि ई पुरेसे मिळते. कर्करोगाचे औषधोपचार किंवा किरणोपचार चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, कारण काही उपचार मूलकांच्याच जोरावर गाठीच्या पेशी मारतात.

एका गटाने जास्त जपायला हवे. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींत पुरेसे एनएडीपीएच तयार होत नाही आणि ऑक्सिडीकरणाचा मारा झाला की त्या फुटतात. हे मुलग्यांमध्ये अधिक आढळते. व्हायव्हॅक्स मलेरियासाठी दिले जाणारे प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वी या कमतरतेची तपासणी शक्य तिथे करून घ्यावी. औषध चालू असताना लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे पडले किंवा एकाएकी थकवा आला, तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशा बाळांमध्ये डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते. पहिल्या बाळाची झबली-टोपरी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवण्याची रीत घरोघर आहे. नव्या बाळासाठी काढायच्या कपड्यांत आणि दुपट्यांत त्या गोळ्या अजिबात ठेवू नयेत.