चढ नाही म्हणून हलकं घेऊ नका

न्यूझीलंडमधल्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलची तयारी गडकिल्ल्यांच्या हिशोबाने केलीत, तर ती फसेल. क्लाइड ते मिडलमार्च अशी ही 152 किलोमीटरची वाट. 1990 मध्ये इथली रेल्वे बंद झाली, रूळ उचलले गेले आणि 2000 पासून ही सगळी वाट सायकलस्वार, पायी जाणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी खुली आहे, मोटारींना मज्जाव. लोखंडी चाकाची रुळावर पकड कमी, त्यामुळे इंजिनाला झेपेल एवढाच चढ ठेवायचा म्हणून इथे वळसे घेतले, डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले. चढ कुठेही 50 ला 1 याहून तीव्र नाही. आपल्या बोरघाटात तो 37 ला 1 आहे. सर्वांत उंच जागा 618 मीटरवर, क्लाइडपासून सुमारे 70 किलोमीटर दूर. तिथवरची चढाई साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे सिंहगडाला एका सकाळी होते त्याहून कमीच.

इथे दमवतात ते अंतर, ऊन आणि वारा. डोंगरात उतार लागला की दम खाता येतो. इथे तासन् तास पायडल मारत राहावं लागतं, आसन दुखायला लागतं आणि उघड्या माळावर सावली शोधून सापडत नाही. म्हणून दिवसाचे टप्पे उंची पाहून न आखता मुक्कामाची गावं आणि वारा पाहून आखावेत. सायकलीला तीन ते पाच दिवस पुरतात, पायी आठवडाभर धरावा. दिवाळीच्या सुटीत तिथे वसंत असतो आणि वारा जोरात. मार्च-एप्रिल मला जास्त शहाणपणाचे वाटतात. वाट खडीची आहे, तेव्हा रुंद टायरची सायकल घ्या. बोगद्यांत दिवे नाहीत, टॉर्च हवाच.

सपाट वाटेवर कसला आलाय ट्रेक, ही शंका रास्त आहे. मॅनिओटोटोच्या पठारावरचे काही पट्टे खरंच कंटाळवाणे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण लाउडर ते ओटुरेहुआ या साधारण 22 किलोमीटरांत पूलबर्नची घळ, दोन बोगदे आणि 37 मीटर उंचीचा पूल लागतो. असल्या खडकाळ घळीत एरवी कसलेला गिर्यारोहकच उतरला असता. रेल्वेच्या मंद चढामुळे तिथे आजी आणि नातू दोघंही जाऊ शकतात. एकच दिवस हाताशी असेल तर हाच टप्पा निवडा, आणि सगळी वाट करणार असाल तर त्या दिवशी पुढे फार अंतर ठेवू नका.

यावर कुणी म्हणेल, रुळांवरून चालायची हौस तर दूधसागरलाही भागते. ती तुलना चुकीची आहे. तिथे गाड्या धावतात, आणि रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार विनापरवाना रुळांवर जाणं हा गुन्हा आहे. ओटागोत आधी गाडी थांबली, रूळ निघाले, पुलांवर चालण्याजोगी फळी आणि कठडे बसले. मग माणसं आली.